जानेवारीत वाळलेलं गवत उपटायची घाई करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात बावधनला रो-हाउस. पश्चिमेच्या कंपाउंडला लागून 25 फूट लांब आणि 3 फूट रुंद मातीचा पट्टा, मागच्या बाजूला मुरमाचा उतार, वर गच्ची. गेल्या पावसाळ्यात नर्सरीतून जांभळं फाउंटन ग्रास आणि निळसर रंगाचं बुटकं गवत आणून लावलं. निळं पावसातच सडलं. जांभळं दिवाळीपर्यंत देखणं होतं, जानेवारीत वाळून गेलं. माळी म्हणतात, मेलं, उपटून लॉन टाकू. शिवाय असल्या गवतात साप येतात. काय करावं?

आधी उपटणं थांबवा आणि ठोंब तपासा. बुडाशी हात घालून वाळलेली पानं बाजूला सारा आणि जमिनीलगतचा एक फुटवा नखाने खरवडा. आत ओलसर, पांढरट-हिरवा निघाला तर ठोंब जिवंत आहे. तपकिरी, भुसभुशीत निघाला आणि ओढल्याबरोबर हातात आला, तर तेवढा फुटवा गेला. बऱ्याचदा मधले फुटवे मेलेले आणि कडेचे जिवंत असतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कडेच्या फुटव्यांवर नवं गवत उभं राहतं.

माळीदादांचा दोष नाही. आपल्याकडे बागकाम म्हणजे बारा महिने हिरवं ठेवणं, अशीच सगळ्यांची समजूत आहे. पण गवताचं वर्ष वेगळं असतं. पुण्यात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. पुढे परतीच्या सरी आल्या तर आल्या, नाहीतर थेट वळीव. वेताळ टेकडीवर वर्षभर फिरणाऱ्याला हे सांगायला नको. जुलैत टेकडी हिरवीगार, ऑक्टोबरात तुऱ्यांनी भरलेली, डिसेंबरात सोनेरी आणि मार्चनंतर करडी. टेकडी मेली असं कोणी म्हणत नाही. तुमच्या पट्ट्यात तेच झालंय, फक्त ते घराशेजारी झाल्यामुळे खटकतंय.

म्हणून शोभेचं गवत लावायचं ठरवताना पहिला प्रश्न जातीचा नाही, पाण्याचा आहे. जानेवारी ते मे या पट्ट्याला तुम्ही पाणी देणार आहात का? देणार असाल तर जांभळं गवत जवळजवळ वर्षभर रंग धरतं. देणार नसाल तर वाळल्यावरही चांगलं दिसेल असं गवत निवडा आणि पाच महिने सोनेरी रंगावर समाधान माना. मला स्वतःला दुसरा पर्याय जास्त आवडतो. अर्धवट पाण्यावर ठेवलेलं गवत मात्र ना हिरवं ना सोनेरी, नुसतं आजारी दिसतं. गेल्या वर्षी तुमचं तेच झालं असणार.

आता निळं का सडलं ते. ते बहुधा ब्लू फेस्क्यू. युरोपातलं, थंड हवेतलं गवत. थंड प्रदेशातली गवतं आणि उष्ण प्रदेशातली गवतं यांची अन्न तयार करण्याची पद्धतच निराळी असते. ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही सगळी उष्ण प्रदेशाच्या गटातली. कडक उन्हात ती जोमाने वाढतात. फेस्क्यू उन्हाळ्यात दमतं आणि आपल्या पावसाळ्यात, रात्रंदिवस ओल राहिली की बुडापासून कुजतं. कुंडीत, खडी घालून, वळचणीखाली ठेवलं तर एखादा हिवाळा काढतं. जमिनीत लावायला मी कोणालाही सांगत नाही. परदेशी बागांच्या फोटोंत सरळ उभ्या भाल्यांसारखं दिसणारं कॅलामाग्रोस्टिसही याच थंड गटातलं.

मोबाइलवर जे फोटो फिरतात ते बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या बागांचे असतात. पीट औडॉल्फ या डच बागरचनाकाराने न्यूयॉर्कच्या हाय लाइनवर, म्हणजे 2009 मध्ये खुल्या झालेल्या जुन्या रेल्वेमार्गावरच्या बागेत, केलेली गवताची लावणी तर सगळ्यांनी पाहिलेली असते. काम अप्रतिम आहे. पण त्या फोटोंखाली येणारा सल्ला तिथल्या ऋतूंचा असतो: हिवाळाभर गवत उभं ठेवा, फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटा. तिकडे छाटणीनंतर वसंत येतो, पाऊस येतो. आपल्याकडे फेब्रुवारीत छाटलं की पुढे एप्रिल-मेचं 38-40 अंशांचं ऊन. कोवळे फुटवे उघड्यावर भाजतात आणि ठोंब खरोखरच मरतो.

छाटणीबद्दल माझा नियम सोपा आहे. पाणी देणार नसाल तर वाळलेली पानं तशीच राहू द्या, त्यांची सावली ठोंबाच्या बुडावर पडते. मेच्या मध्यानंतर, वळवाची एखादी सर होऊन गेली की छाटा. पाणी देणार असाल तर फेब्रुवारीत छाटून लगेच पाणी चालू करा, तीन-चार आठवड्यांत नवी पालवी दिसते. अपवाद एकच. कंपाउंडच्या पलीकडे रस्ता असेल आणि लोक विड्या-सिगारेटची थोटकं टाकत असतील, तर वाळकं गवत मेपर्यंत उभं ठेवू नका. दर उन्हाळ्यात टेकड्यांवर वणवे लागतात ते असल्याच गवतात. अशा ठिकाणी फेब्रुवारीतच छाटा, बुडाशी पालापाचोळ्याऐवजी खडीचं आच्छादन करा आणि थोडं पाणी द्यायची तयारी ठेवा.

छाटायचं कसं? मोकळं गवत विळ्याने ओरबाडत बसलात तर अंगणभर कचरा होतो. आधी ठोंबाला मधोमध सुतळीने घट्ट बांधा, पेंढी बांधतात तसं, आणि जमिनीपासून चार ते सहा इंच सोडून धारदार विळ्याने किंवा कुंपण छाटायच्या मोठ्या कात्रीने कापा. पेंढीच्या पेंढी हातात येते. जाड हातमोजे घाला, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. छाटण्याआधी आत डोकावून बघा. मुनिया आणि वटवट्या पावसाळ्याच्या दिवसांत दाट गवतात आणि झुडपांत घरटी करतात, त्यामुळे जूननंतर छाटणी नकोच. सुगरण आणि मुनिया घरट्यासाठी पानांच्या पट्ट्या सोलून नेतात. तुऱ्यांची थोडी नासधूस होते, होऊ द्या.

आता जाती. पश्चिमेच्या पट्ट्यासाठी जांभळं फाउंटन ग्रास हीच निवड बरोबर आहे, बदलू नका. हे बाजरीचं जवळचं भावंड. पूर्ण ऊन लागतं, निदान सहा तास. सावलीत पानं हिरवट होतात आणि तुरे विरळ येतात. उंची तीन ते चार फूट. मुख्य म्हणजे याचं बी रुजत नाही, त्यामुळे ते शेजारच्या प्लॉटमध्ये पसरणार नाही. रोपं फक्त ठोंब फोडूनच होतात. कोणी जांभळ्या फाउंटन ग्रासचं बी विकत असेल तर घेऊ नका. याचंच हिरव्या पानांचं भावंड मात्र बियांनी भराभर पसरतं. हवाई बेटांवर आणि ॲरिझोनात त्याने मोठा उपद्रव केला आहे, ते सुकलं की आगी भडकतात. बावधनसारख्या टेकडीला चिकटून असलेल्या वस्तीत ते लावणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. पॅम्पास या मोठ्या पिसांसारख्या तुऱ्यांच्या गवताबद्दलही तेच. कॅलिफोर्नियात आणि न्यूझीलंडमध्ये ते हाताबाहेर गेलं आहे, आणि 3 फुटांच्या पट्ट्यात 6-8 फुटांचा, पानांच्या कडांनी हात कापणारा ठोंब मावतही नाही.

तुमचा पट्टा पश्चिमेला आहे ही मोठी सोय आहे. संध्याकाळी साडेपाच-सहाला सूर्य कंपाउंडच्या मागे उतरतो आणि तुम्ही घराच्या बाजूने बघता, म्हणजे उजेड तुऱ्यांच्या मागून येतो. समोरून ऊन पडलेला तुरा तपकिरी दिसतो. मागून ऊन आलं की त्याचा एकेक केस वेगळा उजळतो. म्हणून कंपाउंडची भिंत चार फुटांपेक्षा उंच असेल तर पट्ट्यातली माती सहा-आठ इंच वर उचलून घ्या, तुरे भिंतीच्या वर आले पाहिजेत.

या पट्ट्यात दोन ओळी, आडव्यातिडव्या, रोपांत दोन-सव्वादोन फूट अंतर. साधारण बावीस-चोवीस रोपं बसतील. लावल्यावर महिनाभर पट्टा रिकामा वाटेल आणि नर्सरीवाले सांगतील की एक फुटावर लावा, लगेच भरेल. ऐकू नका. एक फुटावर लावलेलं गवत दुसऱ्या वर्षी एकमेकांत घुसतं आणि आतून कुजतं. मधल्या मोकळ्या जागेत पहिल्या पावसाळ्यात तेरडा टाका. गुलाबी तेरडा आणि जांभळं गवत ही जोडी ऑगस्टमध्ये छान दिसते, आणि दिवाळीपर्यंत तेरडा आपोआप आटोपतो. एकाच पट्ट्यात पाच प्रकारची गवतं लावायचा मोह टाळा. नर्सरीच्या शेडमध्ये ती सुंदर दिसतात, अंगणात नुसती गर्दी होते.

मागच्या मुरमाच्या उतारावर मी डोळे झाकून वाळा लावेन. माठात घालतो तोच. ठोंब चार-पाच फूट उंच होतो, जागा सोडून पळत नाही, आणि मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटरपर्यंत. उतारावरची माती धरून ठेवायला याच्यासारखं दुसरं गवत नाही. पण लावायचं उताराला आडवं, एका पातळीत. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि चुन्याने रेघ मारा. रेघेवर अर्ध्या-अर्ध्या फुटावर फुटवे खोचा. उतार मीटरभर उतरला की दुसरी रेघ. रेघ वाकडी झाली की पाणी सखल टोकाला जमतं आणि तिथूनच माती फोडून निघून जातं. दोन पावसाळ्यांत प्रत्येक रेघेमागे मातीची पायरी तयार होताना दिसेल. फक्त वाळ्याचा वास हवा म्हणून मुळं खणायला जाऊ नका, नाहीतर उतार पुन्हा मोकळा.

गवती चहा सगळ्यांना माहीत आहे, पण त्याला शोभेचं गवत म्हणून कोणी मान देत नाही. स्वयंपाकघराच्या दारापासून तीन-चार फूट सोडून, एकमेकांत अडीच फूट अंतर ठेवून तीन ठोंब लावा. वाऱ्यावर चांगला डुलतो आणि चहाला तर हवाच. पानं ओरबाडू नका, बाहेरची पानं बुडाजवळून कापा. आणि नुसता ठोंब लावल्याने डास जातात, हा गैरसमज आहे. तेल पानात बंद असतं, पान चुरगळल्याशिवाय बाहेर येत नाही.

देशी गवतं लावायची हौस असेल तर मारवेल घ्या. चाऱ्याचं गवत आहे, चारापिकांची रोपं ठेवणाऱ्यांकडे ठोंब मिळतात, बारीक बोटांसारखे जांभळट तुरे येतात आणि वाळल्यावर रंग छान होतो. कुसळी मात्र टेकडीवरच राहू द्या, दिसायला कितीही सुंदर असली तरी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिचं एक वाळलेलं बी तळहातावर घ्या आणि वर पाण्याचा थेंब सोडा. काळपट कुसळाचा पीळ उलगडायला लागतो आणि ते हातावरच सावकाश फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ घेतं. बी जमिनीत शिरतं ते या फिरण्यामुळे. मोज्यांत आणि कुत्र्याच्या पंजात, कानात शिरतं तेही असंच. घरात कुत्रा असेल तर प्रश्नच मिटला.

सावलीसाठी मोंडो ग्रास आणि डायनेला. दोन्ही खरी गवतं नाहीत, पण सोसायट्यांच्या बागांत गवताचं काम तीच करतात आणि चांगलं करतात. एसीचं पाणी टपकतं किंवा बाहेरचा नळ गळतो त्या जागी अंब्रेला पाम. तेही पाम नव्हे, लव्हाळ्याच्या कुळातलं, दांडा चिमटीत धरला तर तीन कडा लागतात.

लावणी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, चांगला पाऊस होऊन जमीन वाफशावर आली की, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली. खड्डा फूटभर खोल. नव्या रो-हाउसच्या अंगणात वरच्या थराखाली हमखास राडारोडा, सिमेंटचे गोळे, फरशीचे तुकडे निघतात, ते काढा. मुरूम असला तर उत्तम. काळी माती असेल तर तिसरा हिस्सा मुरूम मिसळा, नाहीतर ऑगस्टमध्ये पाणी साचून बूड कुजेल. खताचा हात आखडता ठेवा. लावताना ओंजळभर पूर्ण कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, बस. युरिया दिलात तर गवत लुसलुशीत वाढतं आणि पहिल्या वाऱ्या-पावसात लोळतं. एकदा लोळलेलं शोभेचं गवत त्या हंगामात पुन्हा उभं राहत नाही. आणि कच्चं शेणखत अजिबात नको, त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. वळवानंतर संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमतात, त्यांच्या अळ्या पावसाळ्यात गवताची मुळं खातात. हिरवं गवत अचानक मलूल झालं आणि ओढल्यावर गालिच्यासारखं उचललं गेलं तर खाली पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या सापडतील.

पहिल्या वर्षी ऑक्टोबरनंतर तीन-चार दिवसांनी पाणी, मुळांपर्यंत पोचेल असं भरपूर. दुसऱ्या वर्षापासून जांभळ्या गवताला आठ-दहा दिवसांनी पुरतं. वाळ्याला, मारवेलला दुसऱ्या वर्षी पाणी नाही दिलं तरी चालतं. सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करून मिळत असेल तर खुशाल वापरा. आरओचं वाया जाणारं पाणी एखाद्या वेळी ठीक, रोज नको. क्षार मातीत साठत जातात.

लॉनचा हिशेब एकदा मांडा आणि माळीदादांनाही सांगा. उन्हाळ्यात लॉन हिरवी ठेवायची तर रोज निदान 5 मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला 5 लिटर. 500 चौरस फूट लॉन म्हणजे सुमारे 46 चौरस मीटर, रोज 230 लिटर. बावधनला एप्रिल-मेमध्ये टँकर किती वेळा बोलवावा लागतो ते तुम्हाला माहीत आहेच. मुलांना खेळायला मऊ जागा हवी असेल तर 10 फूट बाय 10 फूट लॉन करा, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

सापांबद्दल माळीदादांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. टेकडीलगतच्या भागात घोणस असते आणि ती वाळक्या गवतात दिसत नाही. पण साप गवत खायला येत नाही, उंदीर आणि बेडूक यांच्या मागे येतो आणि लपायला जागा शोधतो. विटांचा ढीग, पडीक फरशा, कचऱ्याचा कोपरा आधी हलवा. दाट ठोंब दारापासून आणि चालायच्या वाटेपासून निदान तीन फूट लांब ठेवा. वाटेच्या कडेला मोंडोसारखं बुटकं काही लावा. ठोंबाच्या बुडाची मेलेली पानं वर्षातून एकदा तरी साफ करा, म्हणजे खाली जमीन दिसते. संध्याकाळनंतर पट्ट्यात हात घालायचा नाही, बॅटरीशिवाय जायचं नाही. गवती चहा किंवा वाळा लावला की साप फिरकत नाही असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबून बाकीची काळजी सोडू नका.

तुमच्याकडे आधीच असलेल्या ठोंबांचं काय करायचं? जिवंत निघाले तर मेअखेर छाटा, जूनमध्ये पाऊस झाला की पहारीने उपसून काढा. मधला मेलेला भाग टाकून द्या, कडेचे भाग धारदार कुदळीने असे फोडा की प्रत्येकात पाच-सहा फुटवे आणि मुळांचा चांगला गुंता राहील. एकेक फुटवा लावायचा कंजूषपणा करू नका, तो अख्खा पावसाळा बाळसं धरण्यात घालवतो. एका मोठ्या ठोंबातून तीन-चार रोपं निघतात, तेव्हा बहुतेक विकत आणायला लागणारच नाहीत. कमी पडली तर सोलापूर रस्त्यावर हडपसरच्या पुढे उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. पिशवी उलटी करून मुळं बघून घ्या. पांढरी मुळं हवीत, पिशवीभर गोल गोल फिरलेला तपकिरी गुंडाळा नको. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात गवतं दिसली तर बघा, नावं लिहून घ्या, पण खरेदी जूनपर्यंत थांबवा.

गच्चीवर हेच जांभळं गवत 14 ते 16 इंची कुंडीत चालतं. एका वर्षात मुळं कुंडी भरून टाकतात, त्यामुळे दर जूनमध्ये फोडून नव्या मातीत लावावं लागतं. गच्चीवर पिठ्या ढेकूण जास्त येतो, पान जिथे दांड्याला मिठी मारतं त्या खाचेत पांढरा कापूस दिसतो. दिसल्याबरोबर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, पसरला असेल तर तो ठोंब सरळ बुडापासून कापा. कुंड्या कठड्यावर ठेवू नका. तुऱ्यांनी भरलेलं गवत वारा धरतं आणि पावसाळी वाऱ्यात कुंडीसकट खाली जातं.